रिटोनाविर, १९९८: २४० लॉट सुरळीत गेले, मग फॉर्म २ आला कुठून?

मातृद्राव (धागाकर्ता)

बहुरूपतेचा (एकाच रेणूचे वेगवेगळ्या मांडणीचे स्फटिक) विषय निघाला की रिटोनाविरचं नाव निघतंच. पण बहुतेक ठिकाणी “अचानक दुसरा स्फटिक आला आणि कॅप्सूल बाजारातून गेली” एवढ्यावर आटोपतं. त्यातलं रसायन आणि प्लांटची बाजू नीट मांडावी म्हणून हा धागा.

आधी घटना. मार्च १९९६ मध्ये ॲबट कंपनीच्या नॉर्विरला (रिटोनाविरचं बाजारातलं नाव) अमेरिकेत मंजुरी मिळाली. एचआयव्हीवरचं औषध, प्रोटीएज रोखणारं. रिटोनाविर घन स्वरूपात पोटात गेलं तर अंगी लागत नाही, म्हणून कॅप्सुलीत ते अल्कोहोल-पाण्याच्या अर्धघन मिश्रणात विरघळवून भरलं होतं. औषध द्रावणातच आहे म्हटल्यावर कच्च्या मालाचा स्फटिक कोणता, याची फिकीर करायचं कारण कोणाला दिसलं नाही, नियमांनीही ती मागितली नव्हती. एकच रूप माहीत होतं, आज त्याला फॉर्म १ म्हणतात. सुमारे २४० लॉट (उत्पादनाच्या खेपा) बिनतक्रार निघाले.

१९९८ मध्ये काही लॉट डिसोल्यूशनला (विरघळण्याच्या चाचणीला) नापास होऊ लागले. आतला माल सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर रवे पडलेले, आणि त्यांचा एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आलेख ओळखीचा नाही. रेणू तोच, मांडणी वेगळी. हा फॉर्म २. पुढे कच्चा मालही फॉर्म २ मध्येच पडू लागला आणि कॅप्सूल बंद करावी लागली. रुग्णांना कडू द्रवरूप औषधावर जावं लागलं. १९९९ मध्ये फ्रिजमध्ये ठेवायची सॉफ्ट जेल कॅप्सूल आली.

थोडा हिशेब. अल्कोहोल-पाण्यात ५ अंश से. ला फॉर्म २ ची विद्राव्यता फॉर्म १ च्या साधारण पाव. म्हणजे फॉर्म १ च्या हिशेबाने जे द्रावण अजून पुरतं भरलेलंही नव्हतं, ते फॉर्म २ च्या हिशेबाने चौपट भरलेलं होतं. मुक्त ऊर्जेतला फरक काढा: ८.३१४ × २७८ × ४ चा नैसर्गिक लॉग (१.३८६). मोलमागे जेमतेम ३.२ किलोज्यूल येतात. एवढ्याशा फरकाने एक उत्पादन बसलं.

प्रश्न तीन:
१. फॉर्म २ आधीच सापडावा अशी तपासणी नेमकी कशी लावायची?
२. दोन्ही रूपं १२२ अंशांच्या आसपासच वितळतात. मग ओळख कशावर ठेवायची?
३. अर्धस्थिर (सर्वांत स्थिर नसलेलं) रूप प्लांटमध्ये वर्षानुवर्षं सुरक्षित काढता येतं का?

उंबरठा

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). तज्ज्ञ मंडळी येईपर्यंत बसलोय.

थीटा

प्रश्न २ माझ्या वाट्याचा, पण त्याआधी “आला कुठून” याबद्दल दोन ओळी.

फॉर्म १ मध्ये रेणूतला कार्बामेट गट (अणूंचा एक पुंजका) नेहमीच्या ट्रान्स वळणात (टोकं विरुद्ध बाजूंना) असतो. फॉर्म २ मध्ये तो सिस (टोकं एकाच बाजूला) होतो. एकट्या रेणूला हे वळण अवघड, पण एकदा जमलं की रेणूतले सगळे हायड्रोजन बंध चपखल बसतात, म्हणून स्फटिक जास्त स्थिर. द्रावणात सिस वळणातले रेणू इतके थोडे की त्यांचं केंद्रक (स्फटिकाची पहिली बारीक गाठ) आपणहून बनायला अतोनात वेळ लागतो. २४० लॉट सुरळीत गेले ते या अडथळ्यामुळे. अडथळा ओलांडून दिला कोणी? संशय आहे तो अल्कलीमुळे तयार होणाऱ्या एका वलयी कार्बामेट अशुद्धीवर. ती स्वतः फार कमी विरघळते, तिचे रवे आधी पडतात आणि त्यांचा पृष्ठभाग फॉर्म २ ला साचा म्हणून चालतो.

आता ओळख. डीएससीवर (तापवताना शोषलेली उष्णता मोजणाऱ्या यंत्रावर) एकट्यावर भिस्त ठेवली तर हा घोळ कधीच दिसला नसता. वितळबिंदू एकच. वितळण्याची उष्णता फॉर्म २ ची जास्त, पण मिश्रणात तो फरक बुडून जातो. डीएससी हवंच, फक्त पुढच्या सवयींसकट: इंडियमने कॅलिब्रेशन (१५६.६ अंश), नमुना २ ते ५ मिग्रॅ, पॅनच्या तळाशी पातळ पसरलेला, वेग आधी मिनिटाला १० अंश आणि संशय आला की २ आणि ५० अशा दोन टोकांना. वेग वाढवल्यावर एखादं शिखर नाहीसं झालं, तर तापवतानाच रूप बदलत होतं असं समजा. कार्बामॅझेपिन यासाठी उत्तम: फॉर्म ३ साधारण १७५ अंशांना वितळतो, लगेच फॉर्म १ होऊन परत घट्ट होतो आणि १९१ च्या आसपास पुन्हा वितळतो. दोन शिखरं बघून “मिश्रण आहे” असा शेरा मारणारे रिपोर्ट कमी नाहीत. मूळ नमुना शुद्ध फॉर्म ३ असतो.

झाकणाचंही तसंच. सॉल्व्हेट किंवा हायड्रेट (रचनेत द्रावक किंवा पाणी अडकलेला स्फटिक) घट्ट बंद पॅनमध्ये आणि भोक पाडलेल्या झाकणात वेगवेगळा वागतो. शेजारी टीजीए (तापवताना घटणारं वजन मोजणारी चाचणी) नसेल तर डीएससीच्या पहिल्या रुंद शिखराला नाव देऊ नये.

ओळखीचा खरा कागद एक्सआरडीचाच, पण त्यात दोन खड्डे आहेत.

पहिला, नमुन्याची उंची. पृष्ठभाग धारकाच्या काठापेक्षा वर किंवा खाली असला की सगळी शिखरं एका बाजूला सरकतात. सरकणं = २ × उंचीची चूक × कॉस थीटा ÷ गोनिओमीटरची (कोन मोजणाऱ्या चक्राची) त्रिज्या, उत्तर रेडियनमध्ये. त्रिज्या १५० मिमी आणि चूक ०.१ मिमी धरली तर लहान कोनांना ०.०७६ अंश. चूक ०.३ मिमी झाली की ०.२३ अंश, म्हणजे औषधसंहितेने दिलेली ±०.२ ची मुभा संपली. नवीन रूप सापडलं म्हणून आनंद करण्याआधी सगळी शिखरं एकाच दिशेला जवळपास सारखीच सरकलीत का ते बघा. शंका मिटत नसेल तर थोडी सिलिकॉन पूड मिसळा, तिचं शिखर २८.४४ अंशांना यायलाच हवं.

दुसरा खड्डा म्हणजे सुया आणि चकत्या. धारकात दाबून भरल्या की त्या आडव्या पडतात, मग काही शिखरं गगनाला आणि काही गायब. बाजूने भरायचा धारक वापरा, नमुना फिरता ठेवा, किंवा केशनळीत भरून आरपार मोजा. खलात घोटून सुटका करून घेऊ नका. घोटल्याने रूप बदलतं, निदान काही भाग अस्फटिकी (मांडणी विस्कटलेला) होतो. घोटायचंच असेल तर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आलेख जोडा.

खलबत्ता

घोटण्याबद्दल +१. एपीआयचा (मूळ औषधी पदार्थाचा) आलेख चोख आणि मिलनंतर (दळल्यावर) आलेखाची खालची पातळी फुगलेली, हे दृश्य नेहमीचं. ती फुगवटी म्हणजे अस्फटिकी भाग. तो ओल ओढतो आणि आठवड्याभरात पुन्हा स्फटिक होतो, कधी मूळ रूपात, कधी नाही. त्यामुळे मिल झाल्यावर त्याच दिवशी एकदा आणि ४० अंश, ७५ टक्के आर्द्रतेत आठवडाभर उघडं ठेवून पुन्हा एकदा, असे दोन आलेख घ्यावेत.

रवाळ तूप

प्रश्न १.

लोक द्रावकांची मोठी यादी करतात, त्यातून सावकाश बाष्पीभवन करतात आणि सगळीकडून एकच रूप आलं की समाधानाने फाइल मिटवतात. ऑस्टवाल्डने १८९७ मध्ये सांगितलेलं इथे आठवावं: द्रावणातून पहिलं बाहेर पडतं ते बहुधा सर्वांत स्थिर रूप नसतं, ऊर्जेने द्रावणाला सर्वांत जवळचं असतं. तूप झटकन गार केलं तर लोण्यासारखं गुळगुळीत बसतं, रवाळ हवं असेल तर सावकाश निवू द्यावं लागतं. तसंच हे. पन्नास द्रावकांत घाई केली तर पन्नास वेळा तेच घाईचं रूप मिळेल.

स्थिर रूप शोधायचं तर सर्वांत कामाचा प्रयोग म्हणजे स्लरी (संपृक्त द्रावणात रवे हलवत ठेवणं). स्वस्त आहे, कंटाळवाणा आहे, म्हणून टाळला जातो. पद्धत:

द्रावक असा निवडायचा की विद्राव्यता साधारण मिलीला १० ते ५० मिग्रॅ असेल. याहून खूप कमी असेल तर रूपांतर महिनाभर चालतं आणि निकाल फसवा येतो. त्या तापमानाला संपृक्त द्रावण करून ०.४५ मायक्रॉनमधून गाळायचं. ५ मिली द्रावणात प्रत्येक ज्ञात रूपाचे १०० मिग्रॅ घालायचे. ५, २५ आणि ५० अंश अशा तीन तापमानांना हलवत ठेवायचं. २ तास, १ दिवस, ३ दिवस, ७ दिवस अशी उचल घ्यायची आणि ओलाच नमुना कॅप्टॉनच्या (क्ष-किरण आरपार जाऊ देणाऱ्या) पडद्याखाली एक्सआरडीला लावायचा. वाळवून लावला तर सॉल्व्हेट निसटतो आणि आपण वेगळंच काही मोजतो.

तिन्ही तापमानांना एकच रूप जिंकलं तर निदान त्या पट्ट्यात तेच स्थिर. ५ ला एक आणि ५० ला दुसरं जिंकलं तर मधे कुठेतरी संक्रमण तापमान आहे. मग ५-५ अंशांनी कापत तिथपर्यंत पोहोचा. हा आकडा नसताना कोणी कूलिंग प्रोफाइल ठरवत असेल तर त्याला थांबवा.

चुंबकी कांडी तळाशी घासत राहते, म्हणजे स्लरीबरोबर आपण नकळत दळणही करतो. कुपी उलटसुलट फिरवणारं यंत्र असेल तर ते घ्या.

एकच रूप माहीत असतानाही स्लरी करा. रिटोनाविरची तेव्हा तीच स्थिती होती. यावेळी द्रावकांचे गट बदला: एक अल्कोहोल, एक एस्टर, एक नायट्राइल, एक कीटोन, एक ॲरोमॅटिक, शिवाय पाण्याची दोन-तीन मिश्रणं. कालावधी आठवडा नाही, दोन ते चार. आणि शेवटची गोष्ट, जी कागदावर कोणी मागत नाही: मुद्दाम अशुद्ध माल वापरून दोन स्लरी लावा. एकीत मदर लिकरमधल्या (रवे गाळल्यावर उरलेल्या द्रावातल्या) अशुद्धी वाढवलेल्या, दुसरीत औषध स्वतः अल्कलीत किंवा उष्णतेत थोडं बिघडवलेलं. वर थीटांनी सांगितलेला साचा प्रयोगशाळेच्या ९९.९ टक्के शुद्ध नमुन्यात सापडणार नाही.

मातृद्राव

शेवटचा मुद्दा फार मोलाचा. पण अशुद्धी सहसा स्फटिकीकरण अडवतात ना? पाकात लिंबू पिळलं की पाक साखरत नाही.

रवाळ तूप

दोन्ही करतात. लिंबाने थोडी साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि ते रेणू साखरेच्या रव्यावर बसून वाढ अडवतात. अशुद्धी ज्या रूपाच्या पृष्ठभागावर बसते ते रूप अडतं आणि दुसऱ्याला वाट मोकळी होते. म्हणून प्रक्रिया सुधारून अशुद्धी ०.५ वरून ०.०५ टक्क्यावर आणली आणि त्याच महिन्यात नवीन रूप दिसलं, तर त्यात चमत्कार नाही. अडवणारा निघून गेला. संश्लेषणाचा मार्ग बदलला की स्लरी पुन्हा, हा नियम करून टाका.

कपिलाषष्ठी

एवढा खटाटोप कशाला? सरळ सर्वांत स्थिर रूप घ्यायचं. विषय संपला.

खलबत्ता

बहुतेक औषधांत तेच करतात आणि तेच करावं. पण विषय तिथे संपत नाही.

क्लोरॅम्फेनिकॉल पाल्मिटेट हे प्रतिजैविक घ्या. स्थिर रूप ए. आतड्यात एन्झाइमने पाल्मिटेट तुटायला हवं, पण ए इतकं सावकाश विरघळतं की रक्तात औषध पुरेसं चढतच नाही. उपयोगाचं ते अर्धस्थिर बी. म्हणून औषधसंहितेत ए ला १० टक्क्यांची मर्यादा घातली गेली. जंतांवरच्या मेबेंडाझोलचं तसंच: उपयोगाचं रूप सी, आणि स्थिर ए मालात वाढलं की जंत जसेच्या तसे.

पॅरासिटामॉलमध्ये भानगड वेगळी. विद्राव्यतेची अडचण नाहीच. स्थिर फॉर्म १ चे थर एकमेकांत अडकलेले, दाबला की गोळीचं डोकं उडतं. फॉर्म २ मध्ये रेणूंचे सपाट थर पत्त्यांसारखे घसरतात, छान दाबला जातो. तरी बाजारात फॉर्म १ च आहे, भरपूर बाइंडर घालून किंवा आधीच ग्रॅन्युल केलेला. फॉर्म २ मोठ्या प्रमाणावर काढणं आणि टिकवणं परवडत नाही.

आणि रिटोनाविरची पुढची चाल बघा. २०१० मध्ये नॉर्विरची गोळी आली, तिच्यात स्फटिकाचा प्रश्नच काढून टाकला. औषध कोपोव्हिडोन या पॉलिमरबरोबर वितळवून, एक्सट्रूडरमधून (दाबून बाहेर ढकलणाऱ्या यंत्रातून) काढून, अस्फटिकी घन द्रावण. लोपिनाविर-रिटोनाविरची कॅलेट्रा गोळी याच पद्धतीने २००५ मध्ये आली होती आणि फ्रिजची गरज संपली. उष्ण देशांत ही सोय किती मोठी होती हे वेगळं सांगायला नको. म्हणजे फॉर्म १ अर्धस्थिर म्हणून अडचण झाली आणि उपाय म्हणून त्याहूनही अस्थिर अवस्था निवडली. फरक एवढाच की यावेळी डोळे उघडे ठेवून.

टिकतं कसं? शुद्ध अस्फटिकी रिटोनाविरचं काचसंक्रमण (काचेसारखा कडक पदार्थ मऊ पडू लागणं) सुमारे ५० अंशांना. साठवणीचं तापमान त्याच्या ५० अंश खाली असावं असा ढोबळ नियम आहे, म्हणजे शून्याला ठेवायला हवं. कोपोव्हिडोनचं सुमारे १०६. २० टक्के औषध धरून मिश्रणाचं काचसंक्रमण काढणाऱ्या फॉक्सच्या सूत्राने केल्व्हिनमध्ये हिशेब केला (०.२÷३२३ + ०.८÷३७९, मग उलट) तर ३६६ केल्व्हिन, म्हणजे ९३ अंश. खोलीत ठेवायला बरीच जागा मिळाली. हा कोरड्या मिश्रणाचा आकडा आहे. ओल शिरली की तो झपाट्याने खाली येतो, म्हणून पॅकिंगवर काटकसर नको.

नॉट्शे

प्रश्न ३. अर्धस्थिर रूप वर्षानुवर्षं काढता येतं, पण बीज (हव्या रूपाचे तयार रवे) घातल्याशिवाय नाही. “आपोआप तेच येतं” यावर उभी असलेली प्रक्रिया म्हणजे रिटोनाविरचे पहिले २४० लॉट.

आकड्यांतच सांगतो. समजा द्रावण ५८ अंशांना संपृक्त होतं आणि बीज न घालता गार करत गेलं तर ४४ ला गढूळ होतं. मधला १४ अंशांचा पट्टा आपला. बीज त्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात घालायचं, ५३ च्या आसपास. ५७ ला घातलं तर थोड्याशा चुकीने विरघळून जाईल, ४६ ला घातलं तर ते पसरण्याआधीच आपोआपचे रवे पडतील, आणि ते कोणत्या रूपाचे याची हमी नाही. शिवाय ४४ हा आकडा १ लिटरच्या काचपात्रातला. प्लांटमध्ये धूळ, पंप, मोठा ढवळा यांमुळे पट्टा अरुंद होतो.

बीज किती? अपेक्षित मालाच्या १ ते ३ टक्के. १०० किलोला २ किलो. दाणा जेट मिलमधून काढलेला, २० मायक्रॉनच्या आसपास. पण मिलमधून आलेली पूड तशीच टाकू नका. तिच्या कडा मोडलेल्या, थोडा भाग अस्फटिकी. १५-२० लिटर संपृक्त मदर लिकरमध्ये किंवा अँटिसॉल्व्हंटमध्ये (ज्यात माल विरघळत नाही अशा द्रवात) दोन-तीन तास स्लरी करून ठेवा, तिचा नमुना एक्सआरडीला पाठवा, रिपोर्ट हातात आला की चार्ज करा (रिॲक्टरमध्ये घाला). अर्धस्थिर रूपाचं बीज असेल तर ही स्लरी रात्रभर ठेवायची नाही, तिच्यातच रूप बदलेल.

बीज घातल्यावर पंधरा मिनिटं साइट ग्लासवरून (रिॲक्टरच्या काचेच्या खिडकीवरून) हलायचं नाही. हलकी धुई टिकली पाहिजे. द्रावण परत नितळ झालं तर बीज विरघळलं. कारण बहुधा द्रावक जास्त चार्ज झालाय किंवा माल कमी. २ अंश खाली जाऊन पुन्हा बीज घाला. “होईल थोड्या वेळाने” म्हणून कूलिंग चालू ठेवणं, इथेच बॅच हातची जाते.

धुई टिकली की तासभर तिथेच थांबा. मग गार करा, पण सरळ रेषेत नाही. सुरुवातीला रव्यांचा पृष्ठभाग थोडा असतो, तेव्हा हळू. घनवक्र (वेळेच्या घनाच्या प्रमाणात उतरणारं तापमान) धरला तर ५३ वरून ५ पर्यंत ८ तासांत असं जातं: ४ तासांनी ४७, ६ तासांनी ३३, ७ तासांनी २१, शेवटी ५.

पडताळा सोपा आहे. २ टक्के बीज आणि नवीन रवे शून्य असतील तर दाणा ५१ च्या घनमुळाइतका, म्हणजे ३.७ पट वाढतो. २० चा ७४ मायक्रॉन व्हायला हवा. ३०-३५ च निघाला तर मधे कुठेतरी आपोआपचे रवे पडलेत. रूप बरोबर असलं तरी पुढच्या वेळी नशीब साथ देईलच असं नाही.

हेप्टेन

नॉट्शेसाहेब, कागदावर ठीक. पण ७ ते ८ तासांत २१ वरून ५, म्हणजे एका तासात १६ अंश. ५ केएलच्या (५,००० लिटर) ग्लासलाइन्ड (आतून काचेचा थर असलेल्या) रिॲक्टरला हे झेपत नाही. ऑपरेटर ब्राइन (गार खारं पाणी) पूर्ण उघडतो, जॅकेट (रिॲक्टरभोवतीचं ते पाणी खेळणारं आवरण) उणे १५ वर जातं, काचेच्या भिंतीला पापडी धरते. त्या पापडीजवळ अतिसंपृक्तता सर्वांत जास्त, नको ते रूप तिथेच जन्मतं आणि ढवळ्याने तुटून बॅचमध्ये पडतं. जॅकेट बॅचपेक्षा १० ते १२ अंशांहून जास्त गार होऊ द्यायचं नाही, ही अट आधी लिहायची आणि वेळ तिच्यावरून काढायचा. ८ चे १३-१४ तास झाले तर होऊ द्या.

दुसरं, द्रवाच्या पातळीच्या वर. शिंतोडे उडून मॅनहोलपर्यंत कोरडे थर बसतात. ते झटकन वाळलेले, म्हणजे घाईचं रूप. बीज घालायच्या आधी गरम द्रावकाने स्प्रे बॉलमधून भिंत धुवा, तेवढा द्रावक चार्जच्या हिशेबात धरून.

नॉट्शे

मान्य. घनवक्र ही दिशा, मर्यादा जॅकेटची. पापडीचा मुद्दा मी लिहायला हवा होता.

जाता जाता: ॲबटने नंतर फॉर्म १ पुन्हा काढून दाखवला, तो उलट्या चार्जने. हेप्टेनमध्ये फॉर्म १ चं बीज आधी घालून ठेवायचं आणि रिटोनाविरचं एथिल ॲसिटेटमधलं द्रावण त्यात सोडायचं. द्रावण पडतं तिथे फॉर्म १ चा पृष्ठभाग भरपूर तयार असतो, सिस वळणाच्या रेणूंची वाट बघायला वेळच मिळत नाही.

उंबरठा

पण प्लांटमध्ये एकदा फॉर्म २ शिरला तर तो जातो का? इटलीतल्या प्लांटची गोष्ट खरी का?

थीटा

इटलीतल्या प्लांटमध्ये तोवर फॉर्म १ च निघत होता. फॉर्म २ हाताळलेली टीम अमेरिकेहून तिथे जाऊन आली आणि त्यानंतर तिथेही फॉर्म २ दिसू लागला, एवढं नोंदवलेलं आहे. यावरून “एकदा आला की जगभर पहिलं रूप संपलं” असा निष्कर्ष काढतात तो मात्र चुकीचा. नॉट्शेंनी वर लिहिलंच आहे, फॉर्म १ पुन्हा निघाला. डोळ्याला न दिसणाऱ्या कणांत लाखो बीजं असू शकतात, एवढाच त्याचा अर्थ.

रोटिगोटिनचं उदाहरणही याच जातीचं. पार्किन्सनवरचा न्यूप्रो पॅच. पॅचमध्ये बर्फाच्या फुलासारखे रवे दिसू लागले, तोवर माहीत नसलेलं जास्त स्थिर रूप निघालं आणि २००८ मध्ये अमेरिकेतून पॅच परत घेतला. सुधारून परत यायला २०१२ उजाडलं.

आणि रिटोनाविर संपलेलं नाही. फॉर्म २ नंतर २४ वर्षांनी फॉर्म ३ सापडला, द्रावणातून नाही, वितळलेल्या अस्फटिकी मालातून. तोपर्यंत हे औषध कोविडवरच्या पॅक्सलोव्हिडमध्येही पोहोचलं होतं.

हेप्टेन

वाळवण्यावर कोणीच लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात. क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) मिथेनॉल ३००० पीपीएमच्या (दहा लाखांत ३००० भाग) वर दिसलं की आरसीव्हीडी (फिरता निर्वात ड्रायर) आणखी १२ तास चालवा, हा ठरलेला उपाय. आधी हिशेब करा. रेणूभार ४०० आणि रेणूमागे एक मिथेनॉल असा सॉल्व्हेट असेल तर त्यात ३२ ÷ ४३२, म्हणजे ७.४ टक्के मिथेनॉल रचनेतच बसलेलं आहे. ७४,००० पीपीएम. अर्धवट निघालं तर मालात दोन रूपं, पूर्ण निघालं तर रचना कोसळून तिसरंच काही, आणि १२ तास फिरून गोळे झालेले ते वेगळेच. वाळवून न सुटणारा द्रावक दिसला तर ड्रायर सोडा आणि शेवटचं स्फटिकीकरण दुसऱ्या द्रावकात न्या.

खलबत्ता

पाण्याचंही तेच. कार्बामॅझेपिन पाण्याने ग्रॅन्युल केलं की डायहायड्रेटच्या सुया उगवतात. पूर्ण झालं तर टीजीएत घट १३.२ टक्के (३६ ÷ २७२). एफबीडीत (गरम हवेवर तरंगवून वाळवणाऱ्या ड्रायरमध्ये) ते पाणी निघतं, पण परत आलेलं निर्जल रूप सुरुवातीचंच असेल असं गृहीत धरू नका. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत याच औषधाच्या गोळ्या ओल धरून कडक झाल्या, विरघळेनात आणि रुग्णांना पुन्हा झटके आले. अपस्मारावरचं औषध, डोसची मुभा आधीच अरुंद.

कपिलाषष्ठी

बरं, माझा वरचा शेरा मागे. पण पेटंटचं काय? सर्वोच्च न्यायालयाने भारतात बहुरूपांना पेटंट नाही असं सांगितलंय ना?

कलम तीन

तसं सरसकट सांगितलेलं नाही. पेटंट कायद्यात २००५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३(डी) च्या स्पष्टीकरणात क्षार, एस्टर यांच्याबरोबर बहुरूपंही आहेत: परिणामकारकतेत लक्षणीय फरक नसेल तर तो ज्ञात पदार्थच समजायचा. १ एप्रिल २०१३ चा निकाल इमॅटिनिब मेसिलेट या कर्करोगावरच्या औषधाच्या बीटा स्फटिकावर होता. तो चांगला वाहतो, कमी ओल धरतो, जास्त स्थिर आहे, हे दावे होते. न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातली परिणामकारकता, वाहणं-साठवणं त्यात येत नाही. जैवउपलब्धता (रक्तात पोहोचणारा वाटा) ३० टक्के वाढल्याचा दावाही होता, पण तुलना मुक्त बेसशी (क्षार न केलेल्या मूळ औषधाशी) होती आणि उपचारात फायदा झाल्याचा पुरावा समोर आला नाही.

अमेरिकेत जेनेरिकवाल्याला वेगळं रूप वापरायला मज्जाव नाही. एफडीएच्या २००७ च्या मार्गदर्शनानुसार वेगळं बहुरूप म्हणजे तोच सक्रिय घटक, मात्र जैवसमतुल्यता (मूळ औषधाइतकंच रक्तात पोहोचणं) आणि स्थिरता दाखवली पाहिजे. म्हणून मूळ कंपनीच्या रूपाचं पेटंट चालू असेल तर जेनेरिकवाला दुसरं रूप शोधतो, आणि ते साठवणीत पेटंटवाल्या रूपाकडे सरकणार नाही हेही त्यालाच दाखवावं लागतं. अर्धस्थिर रूपाचं ओझं असं कायद्याच्या वाटेनेही येतं.

उंबरठा

शेवटचा प्रश्न, नॉट्शेंना. मागच्या बॅचचं नको असलेलं बीज रिॲक्टरमध्ये किंवा द्रावणात राहिलंय अशी शंका असेल तर चार्ज करताना नक्की काय करायचं?

नॉट्शे

आधी रिकाम्या रिॲक्टरचं बॉइल-आउट (द्रावक उकळवून धुणं). ज्यात हा माल सर्वांत जास्त विरघळतो तो द्रावक घ्या, नेहमीचा स्वस्त धुण्याचा नाही. निदान तासभर रिफ्लक्स, वाफ कंडेन्सरपर्यंत आणि व्हेंट लाइनपर्यंत गेली पाहिजे. बॉटम व्हॉल्व्हची पोकळी, सॅम्पलरची नळी आणि नॉट्शे फिल्टरच्या कापडाची कड या तीन जागा हमखास राहतात. कापड धुऊन वापरू नका, नवीन लावा.

मग बॅच. द्रावण संपृक्तीच्या तापमानाच्या १० अंश वर नेऊन अर्धा तास ठेवा. वरच्या उदाहरणात ६८. नुसतं नितळ दिसलं म्हणून पुढे गेलात तर न दिसणारे तुकडे तसेच राहतात. त्याच तापमानाला १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक पॉलिश फिल्टरमधून स्वच्छ रिॲक्टरमध्ये घ्या. फिल्टरचं हाउसिंग आणि लाइन आधी गरम द्रावकाने तापवून ठेवा, नाहीतर थंड पोलादावर तिथेच रवे पडतील आणि सगळी मेहनत पाण्यात. मग ५३ ला उतरा, दहा मिनिटं थांबा. बीज न घालताच धुई दिसली तर बॅच थांबवा, परत ६८ ला न्या आणि फिल्टर बदलून पुन्हा गाळा.